आपाचं गाऱ्हाणं

आपा, रविवारी तू यायचा होतास. तोंडवलीच्या त्या समुद्राकडच्या घराच्या मालकिणीला मी सांगून ठेवलं होतं, सुलभा वेंगुर्ल्याहून सकाळच्या एसटीने निघणार होती, कॅमेरामनने पुण्याहून तिकीट काढलं होतं. आपल्या पिक्चरचा शेवटचा सीन पुन्हा घ्यायचा होता, आणि या वेळी माझ्या पद्धतीने. वर्षभर माझ्याशी भांडून तू एकदाचा हो म्हणाला होतास. आणि शुक्रवारी दुपारी तुझ्या नाटक कंपनीतल्या पेटीवाल्याचा फोन आला. छातीत कळ आली, अंगणातल्या बाकड्यावर बसलास, पाणी मागितलंस आणि पाणी येईपर्यंत राहिला नाहीस.

अजून तुझं बारावंसुद्धा झालेलं नाही. पेपरवाले लिहितील ते लिहितील: दशावतारात राजाची कामं करणारा मोठा राजपार्टी, जत्रेजत्रेतून गाजलेला, कुठले कुठले सत्कार. त्यातलं मला काही लिहायचं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि अर्ध्या भांडणाचं काय करायचं असतं हे मला कोणी शिकवलेलं नाही. म्हणून तुझ्याशीच बोलते.

तुला मी 'तू' म्हणते याचं बाहेरच्यांना नवल वाटायचं. पहिल्या दिवशी मी चांगलं 'आपाकाका, तुम्ही' म्हणून सुरुवात केली होती. तू मागे वळून पाहिलंस. "तुमी म्हटलंस काय माका वाटता माझ्या मागे कोणतरी उभो आसा," म्हणालास. मग मी तुम्ही सोडलं ते सोडलंच.

मुंबईत बरीच वर्षं दुसऱ्यांच्या मालिकांचं एडिटिंग करत, तुकडे जोडत बसल्यावर मी मालवणला परत आले, ते एकच गोष्ट डोक्यात घेऊन. माझ्या मम्मीला कॅन्सर झाला तेव्हा माझे पप्पा, म्हणजे आख्ख्या पंचक्रोशीचे सायन्सचे फर्नांडिस मास्तर, जंगलात झाडं शोधत फिरू लागले होते. दोडामार्गाकडे नरक्या नावाचं झाड आहे, त्याच्या लाकडाला घाण वास येतो आणि त्याच्यातून कॅन्सरच्या औषधाला लागणारा अर्क काढतात, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. पप्पांचं म्हणणं, एका झाडात सापडलं तर दुसऱ्यात का सापडणार नाही? गोव्याच्या इस्पितळातले उपचार चालूच होते, ते त्यांनी एक दिवस चुकवले नाहीत. पण मधल्या दिवसांत माणूस पिशवी खांद्याला लावून रानात. व्हरांड्यात वर्तमानपत्रांवर साली वाळत पडलेल्या, ओळखीच्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत पुड्या पाठवलेल्या. मम्मी खाटेवरून म्हणायची, "माका बरी करूचा म्हणान गेलेलो मनीस घराकच नाय." रागाने नाही म्हणायची, पण म्हणायची. काही सापडलं नाही. मम्मी गेली. याच्यावर मी पिक्चर लिहिला आणि पप्पांचं काम करायला तुझ्याकडे आले.

तू सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "मास्तरांनी माका सायन्सात नापास केल्यानी. आता माकाच मास्तर करतंस?" आणि इतका खूश झालास की अडकित्ता हातातून सुटला.

तिथूनच माझी कर्मकहाणी सुरू झाली. मी तुला छापील संवाद दिले. ते तू डोळ्यांना लावलेस आणि सुपारीच्या डब्याखाली ठेवून दिलेस. दशावतारात कागद नसतोच. नाटकाआधी कंपनीचा मालक कथा सांगतो, कोण कोणाचा कोण ते ठरतं, आणि मग ज्याचं त्याने बोलायचं. रात्रभर. तू जन्मभर तेच केलंस. "कथा तुझी, बोलणा माझा," हे तू मला इतक्या साधेपणाने सांगितलंस, जसं काही मीच अडाणी. मी म्हटलं, हा पिक्चर आहे, पाच वेळा घेतला तर पाचही वेळा तेच बोलावं लागतं. तू मान डोलावलीस. आणि पाचही वेळा वेगळं बोललास. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुझा तर सुंभही जळत नव्हता.

पण खरं सांगू का? दोडामार्गाच्या त्या सकाळी मी विसरू शकत नाही. रबराच्या बागा संपल्या की पुढे रान सुरू व्हायचं आणि धुकं इतकं, की तुझा पांढरा सदरा तेवढा दिसायचा. तो झाडाझाडांतून हलत जायचा, थांबायचा, परत हलायचा. कॅमेरा चालू आहे की बंद, याचंसुद्धा कोणाला भान नसायचं. माझ्या कागदावर होतं: मास्तर झाडाची साल काढतात. तू साल काढलीच नाहीस. झाडाला हात लावून उभा राहिलास आणि हळूच विचारलंस, "तुझ्या पोटात काय आसा, सांगशीत रे माका?" आणि मग कान लावून खरोखरच वाट पाहत राहिलास. पानांवरून पाणी टपकत होतं. मला वाटलं, आता झाड बोलणार. कॅमेरामन नंतर म्हणाला, त्यालाही तसंच वाटलं होतं. अजूनही ते फुटेज बघताना मला कळत नाही की मी तुला बघतेय, की पप्पांना, की झोपेत आहे.

शेवटचा सीन तोंडवलीला होता. दुपार, समुद्राकडची खोली, खिडकीबाहेर सुरूची झाडं. खाटेवर मास्तरांची बायको, म्हणजे आपली सुलभा, गेलेली. खोलीत शेजारपाजारची माणसं, ती आपण गावातूनच आणली होती. मी लिहिलं होतं ते अगदी थोडं होतं. मास्तर रानातल्या सालींच्या काढ्याची बाटली उचलतात, अंगणात जातात, ती ओतून टाकतात आणि एकच शब्द बोलतात: 'संपलं.' एकच शब्द, आपा. मला वाटलं होतं, एका शब्दात तू काय घोटाळा करणार?

तू बाटली उचललीस. बाहेर जाण्याऐवजी ती सुलभाच्या उशाशी ठेवलीस. खिडकीकडे तोंड करून उभा राहिलास, हात जोडलेस आणि देवळात देवाला साकडं घालतात तसं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केलीस.

"बा देवा म्हाराजा! आज ही बाय तुझ्या पायाकडे इली. तिचा औषध माका गावाक नाय."

"व्हय म्हाराजा!"

आता गाऱ्हाण्याला होकार द्यायचा, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागतं? पाळण्यातल्या पोराला कळतं. खोलीतली सगळी माणसं बोलली. दिवे धरणारा बोलला. आवाज घेणारा वेंगुर्ल्याचा, त्याला सगळ्यांत आधी गप्प राहायला हवं होतं, तो माइक धरूनच बोलला.

"पण ता खंयतरी आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण ता सोधता, तो खंयच्याय मुलखातलो असांदे, खंयच्याय जातीचो असांदे, तेच्या डोळ्याक ता दिसांदे."

"व्हय म्हाराजा!"

"आणि जेच्या घराक असा माणूस निजान आसा, ता उठान कामाक लागांदे."

"व्हय म्हाराजा!"

फक्त पुण्याचा कॅमेरामन गप्प होता, म्हणून निदान चित्र हललं नाही. माझाही आवाज त्यात आहे. मी, फर्नांडिस मास्तरांची मुलगी, दर रविवारी चर्चला जाणारी, हातात स्क्रिप्ट घेऊन व्हय म्हाराजा म्हणत होते. आणि मग तू वळलास, सुलभाच्या खांद्याला हात लावलास आणि म्हणालास, "आता उठ गो. उजाडला."

सुलभाला मी बजावून ठेवलं होतं की काही झालं तरी हलायचं नाही. पण ती हौशी नाटकांतली, समोरच्याने हाक दिली तर ओ द्यायची तिला सवय. ती उठून बसली.

मग मी कट म्हणून ओरडले. किती ओरडले ते तुला माहीत आहे.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणत होते, मेलेलं माणूस उठत नाही. तू म्हणत होतास, "मी किती वेळा मेलंय तेका गणती नाय. दर सकाळी उठान चाय पितंय." मी म्हटलं, ते नाटक. तू म्हणालास, "मगे ह्या काय आसा?" मी म्हटलं, हे खरं घडलेलं आहे. तू म्हणालास, दशावतारात रात्रभर कोणी कितीही मरूदे, उजाडताना दहीहंडी फुटून दहीकाला होतो, सगळे उठतात आणि पुढच्या गावाला जातात, तसं केलं नाही तर गाव झोपायला कसं जाणार? हरायला लागले की माझा राग नाकावर येतो. मी म्हटलं, "मग माझी मम्मी का नाही उठली, आपा?"

तू बराच वेळ सुपारीचा डबा उघडमीट करत राहिलास. शेवटी म्हणालास, "ता माका म्हायत नाय, बाय."

तुझे आभार मानायचे राहिले ते यासाठी. मम्मी गेल्यावर सगळ्यांकडे उत्तर होतं. डॉक्टरांकडे होतं, पाद्रीबाबांकडे होतं, शेजाऱ्यांकडे तर दोन-दोन होती. पप्पांकडेही होतं, ते म्हणत वेळ कमी पडला. माहीत नाही असं म्हणणारा तू एकटाच भेटलास. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण भांडताना आभार कोण मानतं? मी पर्स उचलून घरी गेले.

पुढे वर्षभर तेच चाललं. जत्रेत भेटलास, रंगलेल्या तोंडाने, डोक्यावर किरीट, आणि कनातीमागून मला बघून बोट हलवलंस: उठतली म्हणजे उठतली. बाजारात बांगडे घेताना भेटलास, तिथेही तेच. मासेवाली म्हणाली, "तुमचा काय भांडण आसा ता एकदा मिटवा आणि पाटी सोडा." आणि मग अचानक, गेल्या महिन्यात, तूच फोन केलास. "बाय, येतंय मी. एकदा तुझ्या मनासारखा करूया." का नमलास ते विचारलं नाही. मला जिंकल्याचा आनंद झाला होता.

शुक्रवारी संध्याकाळी तुझ्या अंगणात सगळी कंपनी बसली होती, नाटकाआधी तोंडं रंगवायला बसतात तशीच, ज्याच्या त्याच्या जागेवर. तुझी जागा मध्ये. पेटीवाला तुझ्या डोक्याकडे मांडी घालून बसला होता आणि त्याची बोटं गुडघ्यावर हलत होती. मी उभी होते आणि मनातल्या मनात वाट पाहत होते की यातलं कोणीतरी आता म्हणेल, उठ रे आपा, उजाडलं. कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी काय झालं असतं, ते मला कळतं. तुला उचललं, नेलं. या वादात माझंच खरं ठरलं, आपा. मला ते नको होतं.

तेव्हापासून तू दुपारच्या झोपेत येतोस. अंगात मास्तरांचा सदरा, डोक्यावर किरीट. रानातून चाललेला असतोस, धुकं असतं, मी मागून येत असते. एकेका झाडाजवळ थांबून काही विचारतोस आणि झाड काय म्हणालं ते मला सांगत नाहीस. मी विचारते, सापडलं का? तू बोट ओठांवर ठेवतोस, जसं काही आवाज घेणं चालू आहे. जाग येते तेव्हा समुद्राचा आवाज तेवढा असतो, आणि काही वेळ मला तू गेल्याचं आठवत नाही. ते थोडेसे क्षण फार चांगले असतात.

आता पिक्चरचं ऐक. माझ्याकडे शेवट नव्हता. मुंबईतला माझा जुना सहकारी पिक्चर जोडतोय, तो म्हणाला, काळजी करू नकोस. बाटली घेऊन अंगणात जातानाची तुझी तालीम कॅमेऱ्यात होती, पाठमोरी. तोंड दिसत नाही. आवाज काय, हल्ली कॉम्प्युटर करतो. त्याला तुझं बोलणं ऐकवलं की तो तुझ्या आवाजात पाहिजे ते बोलतो. त्याने करून पाठवलंही. मी ऐकलं. 'संपलं.' तुझाच आवाज, तीच घोगरी सुरुवात, सुपारीने जाड झालेली तीच जीभ. माझा शब्द, मी लिहिला तसा, जिथे थांबायला हवं तिथे थांबून. तू माझी एकही ओळ आयुष्यात मी लिहिली तशी म्हटली नाहीस. तेवढ्यावरूनच कळलं की हा तू नव्हेस. मी ते बंद केलं आणि रडले. तुझ्या अंगणात रडले नव्हते, ते सगळं तेव्हा रडले.

तरीही मी ते पुसून टाकलं नाही, हेही सांगते. दोन दिवस मी विचार करत होते. कारण ते खरं होतं. मम्मी उठली नव्हती. औषध सापडलं नव्हतं. ज्यांच्या घरी असं माणूस झोपून आहे, ते पिक्चर बघायला येतील. त्यांना खोटं कसं दाखवू? नाहीतर तुझं गाऱ्हाणं ठेवायचं आणि सुलभा उठते त्याच्या आधी कापायचं, म्हणजे तुझंही राहिलं आणि माझंही. आम्ही जोडणारी माणसं असंच मधलं काहीतरी शोधतो. जवळजवळ तेच ठरलं होतं.

काल पप्पा म्हणाले, "आपाचा काय केलास ता दाखय."

त्यांनी आजवर पिक्चर बघायला मागितला नव्हता आणि मीही दाखवला नव्हता. भीती वाटायची. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, त्यांनी चष्मा पुसला, आणि मी त्यांच्या मागे उभी राहिले म्हणजे तोंड बघावं लागणार नाही. रानाचा भाग आला तेव्हा म्हणाले, "ह्या झाड नरक्या न्हय." मी म्हटलं, पप्पा, पिक्चर आहे. "आसूदे, पण नरक्या न्हय." तू झाडाला कान लावलास तेव्हा त्यांनी चष्मा सारखा केला. थोड्या वेळाने म्हणाले, "परीक्षेत पण तो असोच. उत्तर सोडून सगळा लिवायचो."

मग शेवट आला. मी न कापता, होता तसाच लावला होता. तुझं गाऱ्हाणं झालं, सगळ्यांचे होकार झाले, पप्पा टेबलावर हात ठेवून बसलेले. त्यांच्या मानेकडे बघून मला काही कळत नव्हतं. तू म्हणालास, उठ गो. सुलभाने डोळे उघडले. गरीब बिचारी, तिला काय चाललंय ते उमगत नव्हतं. केस तोंडावर, गालावर उशीची घडी उमटलेली, कपाळाला आठी. पदर कुठे गेला तो हाताने चाचपत तिने तुझ्याकडे असं पाहिलं, जणू तू तिचं काही घेऊन पळाला आहेस.

"परत लाव," पप्पा म्हणाले.

लावलं. ते पुढे वाकले, इतके, की चष्मा पडद्याला लागेल. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पुढे आले, तर ते हसत होते. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होते.

"मम्मी अशीच उठायची," म्हणाले. "दुपारची. हाक मारली काय आधी रागान बघायची. मगे इचारायची, चाय ठेवलास?"

आपा, मी मम्मीचा शेवटचा चेहरा इतकी वर्षं जपून ठेवला होता. इस्पितळातला, पिवळा, ओठ सुकलेले. पिक्चर लिहिताना तोच समोर होता, खरा म्हणून तोच घेतला होता. हा चेहरा, उशीची घडी पडलेला, चिडका, जिवंत, माझ्या आठवणीतून पूर्ण गेला होता. तो आमच्या घरात रोज दुपारी चारला असायचा.

मी सहकाऱ्याचं ते पाठमोरं 'संपलं' पप्पांना ऐकवणार होते, निवड करा म्हणून. ऐकवलं नाही. त्यांनी सुलभाच्या तोंडावर चित्र थांबवलं आणि बोट तसंच बटणावर ठेवलं.

"हंयच ठेव," म्हणाले. "फुढे काय नको."

मी तिथेच ठेवलंय, आपा.